चौदा पाण्यांचं तिखूर

पोंभुर्ण्यात आम्ही राहायला गेलो त्याच दिवशी घरमालकांनी आमचा पाट अडकवून ठेवला. साधा बसायचा पाट, सागाचा, माझ्या लग्नात माहेरून आलेला. बैलगाडी फाटकाशी उभी होती, गाडीत आमचा नवा संसार आणि माझ्या मांडीवर तीन महिन्यांची मंदा. फाटकावर बांबू आडवा टाकलेला. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी, आणि ती दोरी हातात धरून खाकी कोटातले एक वयस्क गृहस्थ उभे.

"कुठून आले?" त्यांनी विचारलं.

"वर्ध्याकडून," आमचे हे म्हणाले.

"कुठी जाऊन राह्यले?"

"तुमच्याकडेच. खोली घेतलीय ना आम्ही तुमची. मी शाळेतला नवा मास्तर."

"ते ठाव हाय मले. माल काय हाय?"

मग त्यांनी माल पाहिला. ट्रंकेवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकला, लोणच्याच्या बरणीचा वास घेतला, गादीची घडी उलगडून पुन्हा घातली. पाटाशी आल्यावर थांबले. "हा साग हाय. याचा पास कुठी हाय?"

पाटाला पास नव्हता. तीन दिवस तो त्यांच्या ओसरीवर जप्त होऊन पडला. चौथ्या दिवशी त्यांनी एका चिठ्ठीवर 'पाट, नग एक, जुना, घरगुती वापराचा' असं लिहून खाली सही केली, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पाट सोडला. मी बाई, तीन दिवस जमिनीवर बसून जेवले आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांची सगळी नोकरी जंगलखात्याच्या तपासणी नाक्यावर गेली होती. लाकडाच्या गाड्या थांबवायच्या, पास पाहायचा, ओंडक्यावरची हातोड्याची खूण जुळवायची आणि मग बांबू वर करायचा. त्यांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्या हातांपर्यंत पोचली नव्हती. गाव त्यांना नाकेदारच म्हणे. मी 'भाऊ' म्हणत असे, कारण भाडेकरूला दुसरं काही म्हणायची सोय नसते.

त्या बांबूखालून वाकून जायचं नाही, असा नियम होता. भाजीवाली, पोस्टमन, त्यांचा सख्खा मेहुणा, सगळे उभे राहत. दूधवाला आला की ते चरवीत काडी बुडवून ती उन्हात धरत आणि म्हणत, "पानी हाय." दूधवाला म्हणे, "थोडं हाय जी." मग दूध परत. असं रोज. दूधवाला तरीही रोज येई, हे मला कधी समजलं नाही. बहुतेक त्यालाही कुणीतरी विचारणारं हवं असेल.

बायको वारल्यापासून ते एकटे होते, स्वतः रांधून खात. तिला तळ्यातली मासळी फार आवडायची, म्हणून त्यांनी तिच्या नावानं मासळी सोडली होती. सोडली म्हणजे पुरती सोडली. ढिवरांच्या मोहल्ल्यातली कौसाबाई टोपलीत मासळी घेऊन गावभर फिरे. तिची टोपली फाटकाच्या आत येणं सोडाच, फाटकासमोर जरा टेकवलेलीही त्यांना चालत नसे. "पुढं व्हा," ते म्हणत. ती पुढं होई, पण जाताना आमच्याकडे पाहून हसे.

मंदा पाचव्या महिन्यात असताना मला हिवतापानं धरलं. तीन आठवडे हुडहुडी भरत होती. ताप उतरला तेव्हा अंगावरचं दूध आटलं होतं. झाडीतल्या गाई म्हणजे वाटीभर दूध देणार, तेही वासराचं पोट भरल्यावर. मग ह्यांनी चांद्याहून पावडरीच्या दुधाचा डबा मागवला. विलायती डबा, वर गोऱ्या गुबगुबीत बाळाचं चित्र. एक डबा आठ दिवसांत संपे. मास्तराच्या पगारात असे डबे बसवायचे म्हणजे आम्ही दोघांनी एक वेळ जेवायचं. काही दिवस आम्ही तसंच जेवलो.

भाऊंना डबा पाहून झोप येईना. उघडता येत नाही तोवर तपासता येत नाही, आणि उघडला की सीलबंद राहत नाही, या पेचात ते दोन दिवस होते. शेवटी त्यांनी खिळ्यानं नव्या, न उघडलेल्या डब्याच्या बुडाला भोक पाडलं. "वरून तं कोनीही चांगलंच भरते. खालून पाहाले पायजे," ते म्हणाले. खालीही पावडरच होती. पण भोकातून ती सांडत राहिली, आणि तो डबा आठाऐवजी पाच दिवसांतच संपला. मी रडले. खरंच रडले, त्यांच्यासमोर. ते खाली मान घालून उभे राहिले आणि मग म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरीचं खानं मी घरीच बनवतो. एक पैसा लागू देनार नाई तुमाले."

त्यांनी तिखूर करायचं ठरवलं. तिखूर म्हणजे जंगलातल्या हळदीसारख्या कंदाचं सत्त्व. थंडीत माडिया बाया कंद खणून बाजारात आणतात. ते किसायचे, पाण्यात कालवायचे, फडक्यातून गाळायचे आणि गाळ खाली बसू द्यायचा. वरचं कडू पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा बसू द्यायचं. असं पाच-सात वेळा केलं की तळाशी पांढरं शुभ्र सत्त्व उरतं. ते वाळवून ठेवतात. आजारी माणसाला, उपासाला, तान्ह्या पोराला त्याची खीर करून देतात. चांद्याकडची सगळी झाडीपट्टी देते, त्यात नवीन काहीच नाही.

लोक सात पाणी देत. भाऊंनी चौदा दिली. अंगणात मडक्यांची रांग लागली आणि प्रत्येक मडक्यावर कोळशानं आकडा. प्रत्येक पाण्याची चव ते घेत, थुंकत आणि म्हणत, "अजून हाय." काय आहे ते सांगत नसत. चौदाव्या पाण्याला त्यांनी डोळे मिटून घुटका घेतला आणि म्हणाले, "आता काईच नाई राह्यलं." हे शब्द मी पुढं पुष्कळदा आठवले आहेत.

तयार झालेलं तिखूर लगेच मंदाला मिळालं नाही. "पहिले मी खाईन, मंग पोरगी," हा त्यांचा नियम. तीन दिवस ते नुसत्या तिखुरावर राहिले. चौथ्या दिवशी सकाळी नदीपर्यंत चालत जाऊन परत आले, अंगणात दोन बैठका काढल्या आणि मला सांगितलं, "देऊ शकता."

त्यात दूध घालायचं नव्हतं, कारण दूध रोज नापास होत होतं. डाळीचं पाणी मी एकदा घालून पाहिलं, तर ते म्हणाले, "पिवळं झालं न. एवढं पांढरं केलं कायले मंग?" म्हणून नुसतं तिखूर, पाणी आणि चिमूटभर गूळ. गूळसुद्धा ते विरघळवून गाळून घेत. मंदा मिटक्या मारत खाई. आणि आमचे डबे बंद झाले, आम्ही पुन्हा दोन वेळा जेवू लागलो. वाचलेल्या पैशांतून मी एक पातळ घेतलं, हिरव्या रंगाचं, बारीक काठाचं. ते मला फार शोभायचं.

मंदा चांगली गुबगुबीत झाली. गाल फुगले, पावलं फुगली, मनगटावर वळी पडली. केस जरा पिंगट झाले तर शेजारणी म्हणाल्या, "माय वं, विलायती पोरगी दिसून राह्यली." ती रडतही नसे. ठेवाल तिथे बसे, बघत राही. "किती गुणाची हाय," बाया म्हणत. त्यांतल्या दोघींनी भाऊंकडून तिखुराची रीत विचारून घेतली. ते फाटकावर उभं राहून चौदाही पाणी समजावून सांगत. माझाही ऊर भरून येई. नाकेदाराच्या विक्षिप्तपणातून एवढं चांगलं निघेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात बालकांची स्पर्धा भरली. चांद्याहून जीपमधून एक तरुण डॉक्टर येणार होते. सर्वांत सुदृढ बालकाला चांदीची वाटी. भाऊंनी आदल्या दिवशी खाकी कोट धुऊन घेतला. मी हिरवं पातळ नेसले. मंदाला कडेवर घेऊन तेच पुढे चालले होते आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते, "वाटी घेऊन येतो."

पटांगणात वीस-पंचवीस बायका आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. बहुतेक पोरं काळीसावळी, हडकुळी, आणि सगळी मिळून एवढी किंचाळत होती की डॉक्टरांना ओरडून बोलावं लागत होतं. मंदा मात्र भाऊंच्या मांडीवर शांत. डॉक्टर आमच्यापाशी आले आणि मंदासमोर वाकले.

"हिला काय देता?" त्यांनी विचारलं.

भाऊ याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते उभे राहिले आणि कंद निवडण्यापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"दूध?"

"नाई जी. दूधवाला पानी टाकते."

"डाळ?"

"डाळीचा रंग उतरते जी."

"मग त्यात राहिलं काय?"

"शुद्ध तिखूर," भाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी मंदाच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि थोड्या वेळानं काढला. पावलावर खड्डा पडला होता. आम्ही तो भरून यायची वाट पाहत राहिलो. तो भरला नाही.

"ही सूज आहे," डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण हळूच बोलले. "अंगात मांस नाही, पाणी भरलंय. तिखूर वाईट नाही, पण नुसत्या तिखुरावर पोर वाढत नाही. पोसणारं जे जे होतं ते तुम्ही बाहेर ठेवलंत. रडत नाही ना ही? रडायला अंगात जोर लागतो. असंच चाललं तर हा पावसाळा निघणार नाही हिचा."

भाऊंनी मंदाचं दुसरं पाऊल हातात घेतलं. स्वतः अंगठा दाबला, काढला आणि खड्ड्याकडे पाहत राहिले. चांदीची वाटी कुणाला मिळाली ते मला आठवत नाही. एका किंचाळणाऱ्या पोराला मिळाली असेल.

त्यांना दोष देणं सोपं होतं, आणि घरी येईपर्यंत मी तो मनात भरपूर दिलाही. पण आई मी होते. रोज अंघोळ मी घालत होते, केस मी विंचरत होते. डबा बंद झाल्याचा आनंद मला इतका झाला होता की पोर रडत नाही यातसुद्धा मला सुखच दिसलं. ते हिरवं पातळ मी पुन्हा नेसले नाही.

त्या संध्याकाळी भाऊ घरी जेवले नाहीत. ज्या दोघींनी रीत विचारून घेतली होती त्यांच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "माहं चुकलं. तिखूर बंद करा. लेकराले डाळ द्या." नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कुणापुढे चूक कबूल केल्याचं गावाला माहीत नव्हतं. एकीला तर वाटलं, उन्हानं त्यांचं डोकं फिरलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुगाची डाळ द्या, जमेल तेवढं दूध द्या, आणि तुमच्याकडे तळ्यागणिक मासळी आहे, ती वाळवून, कुटून पेजेत घाला. दूधवाल्याला दुसऱ्या दिवशी बांबू वर करून आत घेतलं. त्यालाच धक्का बसला; तो म्हणाला, "पानी हाय जी थोडं." भाऊ म्हणाले, "असू दे."

राहिली मासळी. माझ्या माहेरी मासळी शिजत नसे, मला ती हातात धरायचीही सवय नव्हती. मी कौसाबाईकडे जायला निघाले, तर भाऊ कोट घालून आधीच तयार. आम्ही ढिवरांच्या मोहल्ल्यात गेलो. कौसाबाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं, उठली, आणि दारातली काठी उचलून आमच्यासमोर आडवी धरली.

"कुठून आले जी, नाकेदारभाऊ?"

"घरून," भाऊ म्हणाले.

"कायले आले?"

"पोरगी आजारी हाय. वाळली मासळी पायजे. बारीक."

"झोऱ्यात काय माल हाय?"

भाऊंनी हातातली पिशवी उघडून दाखवली. रिकामी होती. कौसाबाईला खूप हसायचं असावं, पण माझ्याकडे पाहून तिनं काठी टाकली. "या आत. काऊन पहिले नाई आले? आमच्या लेकराइले तं आमी दात यायच्या आधीपासून हेच देतो. डबा नाई, फिबा नाई."

तिनं रीत दाखवली. बोटाएवढी वाळलेली मासळी, डोकं काढून टाकायचं, तव्यावर कुरकुरीत होईतो भाजायची, खलात कुटायची आणि फडक्यातून चाळायची म्हणजे काटा राहत नाही. तांदळाच्या पेजेत शिजलेली मुगाची डाळ आणि ही चिमूटभर पूड. "पहिले एक चिमूट. पोटाले झेपली तं दोन," ती म्हणाली. सगळं मिळून अर्धा तास. मडक्यांची रांग नाही, कोळशाचे आकडे नाहीत.

आमच्या चुलीवर मासळी चालत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या चुलीवर पेज केली, पूड घातली आणि वाटी घेऊन मंदाकडे निघाले.

"थांबा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, तुम्ही नका. मी चाखते."

"मी खाल्ल्याबिगर जानार नाई."

"तुम्ही सोडलीय ना?"

"सकाळी नदीवर जाऊन आलो," ते म्हणाले. नदीवर म्हणजे जिथे त्यांच्या बायकोला पोचवलं होतं तिथे. "तिले सांगतलं, असं असं हाय म्हनून. ती काई बोलली नाई. हरकत असती तं बोलली असती. गप बसनारी नोती ती."

त्यांनी पाटावर बसून वाटीतलं चमचाभर खाल्लं. बराच वेळ चावत राहिले, पेजेत चावण्यासारखं काही नव्हतं तरी. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "मीठ नाई यात."

"लहान मुलाला मीठ कमीच असतं, भाऊ."

"बरं. द्या."

तपासणी रोज होऊ लागली. पहिल्या दिवशी चमचा, आठवड्यानं अर्धी वाटी. मी पेज जास्त करू लागले. मग एक दिवस मीठ घालून त्यांची वेगळी काढू लागले. कौसाबाईची टोपली आता आमच्या अंगणातच टेकत असे.

मंदाची सूज उतरायला लागली तशी मंदाच दिसेनाशी झाली. खरंच सांगते, गाल गेले, वळ्या गेल्या, आणि आत इतकं छोटं, सुरकुतलेलं पोर होतं की मी तिच्याकडे पाहून तोंडात पदर कोंबायची. ज्या शेजारणी विलायती पोरगी म्हणत होत्या त्याच म्हणू लागल्या, "मास्तरनीनं खानं तोडलं वाटते पोरीचं." भाऊ मात्र रोज सकाळी येत. मंदाच्या पावलावर अंगठा दाबत, काढत, आणि खड्डा भरेपर्यंत मोजत. आधी शंभरपर्यंत मोजावं लागे. मग साठ. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्यांनी अंगठा काढला आणि मोजायला तोंड उघडलं, तर खड्डाच नव्हता. तोंड तसंच उघडं ठेवून ते बसून राहिले. मंदा त्याच आठवड्यात रडली, भुकेनं, भोकाड पसरून. पेज शिजेपर्यंत आम्ही दोघं चुलीपाशी तिचं रडणं ऐकत बसलो, आणि कुणीच तिला उगी केलं नाही.

अंगठ्याची सवय मात्र त्यांना लागली ती लागली. आठवडी बाजारात ते बायांना थांबवून कडेवरच्या पोरांची पावलं दाबत. नव्या बाया घाबरत, जुन्या बाया पोराचा पाय आपणहून पुढं करत. कितीतरी जणींना त्यांनी चांद्याच्या दवाखान्यात पाठवलं, कितीतरी जणींच्या शिव्या खाल्ल्या. एकदा एका फौजदाराच्या बायकोच्या पोराचा पाय दाबला, तेव्हा बराच गोंधळ झाला.

मंदा अडीच वर्षांची असताना ह्यांची सिरोंच्याला बदली झाली. सामान गाडीत भरून झालं. भाऊ अंगणात उकिडवे बसले, मंदाचा पाय गुडघ्यावर घेतला आणि अंगठा दाबला. मंदाला निघायची घाई झालेली. तिनं पाय ओढला, त्यांनी सोडला नाही, तशी तिनं दुसऱ्या पायानं त्यांच्या तोंडावर लाथ मारली. नाकावर बसली. चष्मा लांब उडाला.

मी तिला धपाटा घालायला धावले. भाऊंनी हात आडवा केला.

"मारू द्या, बाई," ते म्हणाले. नाकातून रक्त येत होतं. "तवा रडाले पन जोर नोता तिच्या अंगात."

आणि दुसरी लाथ बसावी म्हणून तोंड तिथंच ठेवून बसून राहिले.